कूस

वकीलबाईंनी पहिलं हेच विचारलं:
पुरलं की जाळलं?

मी म्हटलं, पुरलं. आमच्यात बसवून पुरतात.
डाव्या तळव्यावर लिंग, कपाळभर विभूती,
मान कलंडू नये म्हणून मागून टेकू.

मग अजून एक वाट आहे, त्या म्हणाल्या
आणि पेनाचं टोपण काढलं.

चाळीस वर्षं आक्का निपाणीच्या वखारीत बसली.
तंबाखू चाळली, काड्या वेचल्या.
संध्याकाळी तिच्या पदराशी गेलो की आम्ही शिंकायचो.
बसणं हाच तिचा धंदा.
शेवटचे पाच महिने ती बसली नाही.
कुणी बसवलं नाही.
महांतेशच्या मागच्या खोलीत, पत्र्याखाली,
उजव्या कुशीवर. एकाच.
मेल्यावर मात्र चौघांनी धरून
ताठ बसवली.

बाई सांगत गेल्या, मी पिशवीचा बंद गुंडाळत गेले.
आधी पोलिसांत तक्रार. नाही घेतली तर वरच्या साहेबांना टपालानं.
त्यांनीही नाही ऐकलं तर कोर्टात खासगी फिर्याद.
चिकोडीला एसीसाहेबांकडे जाऊन
लिहून दिलेलं घर परत मागता आलं असतं,
पण तो अर्ज आक्कानंच करायचा होता.
जिवंतपणी.
बक्षीसपत्रात ‘सांभाळीन’ असं कुठं लिहिलंय का, बघून या.
असेल तर दिवाणी दावा. मुदत असते, हो. बसून राहू नका.

आणि पुरलंय म्हणून,
तहसीलदारांसमोर उकरता येतं.
हाडापर्यंत गेलेली जखम
माती इतक्यात पुसत नाही.
हे त्या अगदी हळू बोलल्या.

दाखल्यावर डॉक्टरनं लिहिलंय: वृद्धापकाळ.
वृद्धापकाळाला पू होतो का?
मी धुतलंय तिला.
माकडहाडापाशी वाटीएवढा खड्डा
आणि त्यात पावडर.
तोंडाला लावायची, गुलाबाच्या वासाची.

ठाण्यात हवालदार कानडीत लिहीत होता.
मला बोललेलं कळतं, अक्षर लागत नाही.
त्यानं वाचून दाखवलं. एका शब्दावर मी थांबवलं.
निर्लक्ष्य म्हणजे?
तुमचं दुर्लक्षच की वो अक्का, दोन्ही एकच.

एकच नाही.
दुर्लक्षात निदान डोळा असतो, फिरवलेला का होईना.
ह्या शब्दात डोळाच नाही.
आणि पावडर तर कुणीतरी बघून टाकली होती.
वहिनीनंच. दुसरं कोण होतं तिथं?
तिनं पांघरूण काढलं, बघितलं,
स्वतःचा डबा आणून वरून शिंपडली,
पुन्हा पांघरूण घातलं.

म्हटलं, खोडा तो शब्द.
मग कुठला घालू?
मला सांगता येईना. पंखा फिरत होता.
त्यानं निर्लक्ष्य तसंच ठेवलं
आणि अंगठा की सही, विचारलं.

एक सांगायचं राहिलं, बाई.
तिचा फोन अकरा रविवार बंद लागत होता.
कागल ते निपाणी अर्धा तास.
मी दर रविवारी फोनच लावला.
ह्याला कुठलं कलम?

बाईंनी टोपण परत लावलं.
ते मी अर्जात घेत नाही, म्हणाल्या.

तहसीलदारांचा अर्ज पिशवीत आहे.
खाली टाइप केलंय: अर्जदार कस्तुरी, मयताची मुलगी.
सही बाकी.
सही केली तर एक दिवस फावडं घेऊन माणसं येतील,
बसलेली आक्का
पुन्हा आडवी करतील,
ह्या वेळी पालथी. नीट बघायला.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली.
सीटचा पत्रा वर आला होता, टोचत होता.
निपाणी स्टँड ते कागल
मी किती वेळा इकडची तिकडे सरकले, ते मोजलं.
नऊ.
पहिल्या चार वेळा तर
माझं मलाच कळलं नव्हतं.